तंतुवाद्याची घोडी

आपल्या भाषेंत घोडी ह्या शब्दाचे अर्थ एकाहून अधिक आहेत. टांग्यास जुंपावयाची ती घोडी. सुतार जिच्यावर फळी ठेवून करवत चालवितो तीहि घोडीच. आणि सतार, तंबोरा, सारंगी, फिडल, गिटार ह्या सर्व वाद्यांच्या पोटावर जी लांकडाची, हाडाची किंवा धातूची लहानशी पट्टी तारा पाठीवर घेऊन उभी असते, तीहि घोडीच. तिन्ही ठिकाणीं काम एकच, तें म्हणजे दुसऱ्याचा भार वाहणें. ज्या शिरूरास लोक अजूनहि घोडनदी म्हणतात, तेथील मुलांस तरी हा शब्द परका वाटूं नये. इंग्रजींत ह्याच तुकड्यास ब्रिज, म्हणजे पूल, असें म्हणतात. तेंहि नांव यथार्थ आहे. कारण तारेंतील कंप ह्या पुलावरून उतरूनच वाद्याच्या पोटांत जातो.

हल्लीं आपल्यांतील कित्येक मुलांच्या घरीं गिटार आली आहे, व कित्येक घरीं आजोबांच्या काळचा तंबोरा खुंटीस टांगलेला आहे. वाद्य नीट बोलेनासें झालें म्हणजे प्रथम दोष तारांस दिला जातो, मग वाजविणाऱ्याच्या बोटांस, आणि शेवटीं वाद्यच टाकून नवें घ्यावें असें ठरतें. घोडीकडे मात्र कोणी पाहत नाहीं. ह्यास्तव घोडी काय करते, गिटारीची घोडी कशी बसवावी व बदलावी, आणि आपल्या तंबोऱ्याची घोडी तिच्याहून अगदीं उलट तत्त्वावर कां घडविलेली असते, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. घोडीचीं तीन कामें

पहिलें काम, तारेची लांबी ठरविणें. तारेचा स्वर तीन गोष्टींवर अवलंबून असतो: तिची लांबी, तिचा ताण व तिचें वजन. ताण व जाडी तीच ठेवून लांबी अर्धी केली, तर स्वर एक सप्तक चढतो. तारेचें एक टोंक दांडीच्या शेंड्याशीं बांधलेलें. दुसरें टोंक घोडी ठरविते. घोडी केसभर सरकली तरी तारेची बोलती लांबी बदलते, आणि स्वरहि बदलतो.

दुसरें काम, तारांची उंची ठरविणें. तारा फार उंच राहिल्या तर त्या दाबतांना बोटें दुखतात. फार खालीं आल्या तर त्या पडद्यांवर आपटून खरखर करितात.

तिसरें काम, कंप पोंचविणें. तार बारीक असते, म्हणून ती स्वतः फार थोडी हवा हालविते. दोघां मुलांनीं एक तार हातांत ताणून धरून छेडली, तर आवाज जवळजवळ येतच नाहीं. तीच तार एखाद्या पोकळ पेटीवर ठेवलेल्या ठोकळ्यावरून नेली, म्हणजे सर्व वर्गास ऐकूं जाते. साध्या गिटारींत, फिडलांत व तंबोऱ्यांत हें काम महत्त्वाचें असतें. विजेच्या गिटारींत मात्र पोलादी तारांच्या खालीं लोहचुंबक व त्यांभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. तार हालली म्हणजे वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, व यंत्र त्यास मोठा करून त्याचा आवाज करितें. म्हणून विजेच्या गिटारींत घोडीचीं पहिलीं दोन कामेंच विशेष निगेनें पाहावीं लागतात.

२. गिटारीची घोडी

गिटारीच्या दांडीवर धातूचे पडदे कायमचे ठोकलेले असतात. शेजारच्या दोन पडद्यांच्या स्वरांचें प्रमाण सुमारें १.०५९ असतें, व ह्या आंकड्याचा बारा वेळां गुणाकार केला म्हणजे २ येतात. बारावा पडदा तारेच्या मध्यावर पडतो तो ह्यामुळेंच. साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारें ६४८ मिलिमीटर लांबीची तार घेतली, तर बारावा पडदा ३२४ मिलिमीटरांवर येईल.

आतां घोडी त्या पडद्यापासून बरोबर दुसऱ्या ३२४ मिलिमीटरांवर ठेवावी असें कोणास वाटेल. परंतु तसें केल्यास दाबलेला स्वर किंचित् चढा निघतो. कारण असें कीं, तार पडद्यावर दाबतांना ती थोडी ताणली जाते, व ताण वाढला कीं स्वर चढतो. शिवाय जाड तार ताठ असते, व त्या ताठपणामुळेंहि स्वर चढतो. ह्यावर उपाय म्हणजे घोडीवरील टेकण किंचित् मागें सरकवून तारेस थोडी अधिक लांबी देणें. सहा तारा सहा जाडीच्या असल्यामुळें प्रत्येकीस हें माप निराळें द्यावें लागतें. सामान्यतः तार जितकी जाड, तितकें टेकण मागें.

पूर्वींच्या कमानदार पोटाच्या गिटारींत लांकडाची अखंड घोडी असे, व सर्व तारांची सोय एकदमच करावी लागे. इ. स. १९५४ सालीं अमेरिकेंतील दोन कारखान्यांनीं ह्यांत सुधारणा बाजारांत आणिल्या. गिब्सन ह्यांच्या घोडींत प्रत्येक तारेचें टेकण स्क्रूनें मागेंपुढें होतें, व उंचीसाठीं दोन टोंकांस दोन चाकें असतात. त्याच वर्षीं निघालेल्या फेंडर ह्यांच्या स्ट्रॅटोकास्टर नांवाच्या गिटारींत तर सहा तारांस सहा सुटीं टेकणें असून, प्रत्येकाची लांबी व उंची दोन्ही स्वतंत्रपणें बदलतां येतात. आज मिळणाऱ्या बहुतेक विजेच्या गिटारींच्या घोड्या ह्या दोहोंपैकीं एकीच्या वळणाच्या असतात.

अशी घोडी लावण्याची रीत येणेंप्रमाणें. प्रथम तारा नव्या घालाव्या. गंजलेल्या तारेवर केलेलें माप खरें नसतें. मग उंची ठरवावी, व लांबी नंतर पाहावी. कारण उंची बदलली म्हणजे दाबतांना पडणारा ताणहि बदलतो. तारा स्वरांत मिळवून घेतल्यावर बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेस बोट अलगद टेकवावें, छेडतांच उचलावें, व निघालेला स्वर ऐकावा. मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून छेडावी. दोन्ही स्वर एक आले तर टेकण जागेवर आहे. दाबलेला स्वर चढा आला तर टेकण दांडीपासून दूर न्यावें. उतरता आला तर दांडीकडे आणावें. स्क्रू फिरविण्यापूर्वीं तार सैल करावी, फिरविल्यावर पुन्हा मिळवावी, व परीक्षा पुन्हा घ्यावी. एका तारेस हें तीनचार वेळां करावें लागलें तरी कंटाळूं नये.

घोडी झिजली किंवा मोडली व ती सबंधच बदलावयाची असेल, तर बाजारांत जाण्यापूर्वीं तीन मापें कागदावर लिहून घ्यावीं: जुन्या घोडीच्या स्क्रूंच्या छिद्रांमधील अंतर, पहिल्या व सहाव्या तारेमधील अंतर, आणि पोटापासून तारेची उंची. हीं मापें जुळणारी घोडी मिळत असतां लांकडास नवीं छिद्रें पाडूं नयेत. स्क्रू पुन्हा फिरवितां येतो. पाडलेलें छिद्र पहिल्यासारखें बुजवितां येत नाहीं.

३. तंबोऱ्याची घोडी

गिटारीचें टेकण अरुंद असतें, कारण तार एका नेमक्या ठिकाणीं संपावी अशी तेथें अपेक्षा आहे. तंबोऱ्याची घोडी पाहा. ती बोटा-दोन बोटांची रुंद, व पाहतांना सपाट वाटते. परंतु तिची पाठ फार सूक्ष्म उताराची असते. तार तिच्यावरून एका बिंदूवर सुटत नाहीं, तर तिच्या पाठीस चाटून जाते. छेडलेली तार खालीं झुकते तेव्हां घोडीच्या अधिक भागास टेकते. वर उठते तेव्हां कमी भागास. अर्थात् तारेचा शेवटचा बिंदु एका क्षणांत कित्येक वेळां मागेंपुढें होत असतो. ह्या चाटण्यामुळें मूळ स्वराबरोबर वरचे बारीक स्वर सारखे जागे होत राहतात, व तो भरलेला, झणत्कारयुक्त नाद उत्पन्न होतो. ह्यासच जवारी म्हणतात.

हे वरचे स्वर कोणते? खर्जाच्या तारेचे दर सेकंदास १०० कंप धरूं. तिच्यांतून २००, ३००, ४००, ५०० अशा कंपांचे स्वरहि निघतात. २०० व ४०० हे वरच्या सप्तकांतील षड्जच. ३०० हा पंचम. आणि ५०० चें ४०० शीं प्रमाण १.२५ म्हणजे शुद्ध गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसतांहि तो ऐकूं येतो, म्हणून गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. गिटारीच्या पडद्यांवर हेंच प्रमाण सुमारें १.२६ येतें. दोहोंतील हा अल्प फरक ज्याच्या कानास कळूं लागला, त्यानें संगीताचें एक मोठें दार उघडलें असें समजावें.

तारेखालीं घोडीवर सुताचा एक बारीक धागा घातलेला असतो. तो मागेंपुढें सरकविल्यानें तार घोडीवरून जेथें सुटते ती जागा साधते. धागा योग्य ठिकाणीं आला कीं मुका वाटणारा तंबोरा एकदम बोलूं लागतो. म्हणून धाग्यास क्षुल्लक समजूं नये.

ह्या घोडीकडे शास्त्रज्ञांचेंहि लक्ष गेलें आहे. प्रकाशावरील शोधाबद्दल इ. स. १९३० चें नोबेल पारितोषिक मिळविणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं इ. स. १९२१ मध्यें कलकत्ता येथें कांहीं भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तारेविषयीं यंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचा नियम असा कीं, तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथें ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदु असेल ते उपस्वर निघत नाहींत. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडल्यास दुसरा, चौथा, सहावा असे सम क्रमांकाचे उपस्वर निघूं नयेत. रामन ह्यांनीं दाखवून दिलें कीं, वीणा व तंबोरा हीं वाद्यें हा नियम पाळीत नाहींत; जो उपस्वर नसावा तो तेथें स्पष्ट ऐकूं येतो, व ह्याचें कारण घोडीच्या त्या रुंद वक्र पाठींत आहे. ज्यांनीं ही पाठ घडविली त्यांच्याजवळ हें गणित नव्हतें. कानानें त्यांनीं तें साधलें होतें.

४. मिरजेचे कारागीर

आपल्या प्रांतांत ही विद्या मिरजेस जिवंत आहे. मिरज म्हटलें कीं आपल्यापैकीं पुष्कळांस डॉक्टर वान्लेस ह्यांनीं इ. स. १८९४ सालीं उभारलेलें इस्पितळ आठवतें; गवयांस मात्र तंबोरा व सतार आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार लावणारे लोक, तलवारींचें काम कमी झाल्यावर तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले. त्यांत फरीदसाहेब ह्यांचें नांव प्रथम घेतलें जातें. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय ह्या कलेस मिळाला. पुढें किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीमखां (१८७२–१९३७) मिरजेस राहिले. अशा गवयांच्या शेजारामुळें कारागिरांचा कान तयार होत गेला. मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा ह्या दोहोंस इ. स. २०२४ सालीं भौगोलिक निर्देशांकन, म्हणजे त्या स्थानाचें अधिकृत ओळखचिन्ह, मिळालें.

ह्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकांठच्या भागांतून येतात. आपली घोडनदी भीमेस मिळते, आणि दौंडच्या कांठची भीमाच पुढें पंढरपुरास जाते. तेव्हां ह्या वाद्याशीं आपलें थोडें पाण्याचें नातें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जवारी काढण्याचें काम असें चालतें. तारांच्या नेहमींच्या घर्षणानें घोडीच्या पाठीवर बारीक चरे पडतात. तार त्यांत बसूं लागली कीं नाद बसका होतो. कारागीर तारा सैल करून बाजूस सारतो, कानशीनें व मग कांचकागदानें पाठ घासतो, तारा पुन्हा चढवितो, मिळवितो, ऐकतो. चारहि तारा सारख्या बोलेपर्यंत हाच क्रम पुनःपुन्हा चालतो. पाठ थोडी अधिक सपाट ठेवल्यास खुली, तेजस्वी जवारी येते. थोडी अधिक गोल ठेवल्यास बंद, मृदु जवारी येते. गायकाचा आवाज व आवड पाहून ती ठरवावी लागते. एक घासा अधिक झाला कीं काढलेला भाग परत येत नाहीं, म्हणून हात हलका व कान जागा पाहिजे.

घोडीचा पदार्थहि काळाप्रमाणें बदलला. पूर्वीं चांगल्या सतारींस हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. इ. स. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील पुढील दुरुस्त्या ह्यांमुळें तो व्यापार बंद झाला, आणि तें योग्यच झालें. गाण्यासाठीं हत्ती मरावा हें कोणत्याहि गाण्यास शोभत नाहीं. आतां उंटाचें हाड, शिसवीसारखें कठीण लांकूड व कृत्रिम पदार्थ वापरतात. प्रत्येकाचा नाद व झीज निराळी, म्हणून कारागिरास आपला हात नव्यानें बसवावा लागला.

५. गिटारीस सतारीची घोडी

ह्या दोन प्रकारच्या घोड्यांची गांठ एकदां खरोखरच पडली. इ. स. १९६५ सालीं बीटल्स ह्या इंग्रज वादकमंडळींतील जॉर्ज हॅरिसन ह्यांनीं एका गीतांत सतार वाजविली, व पाश्चात्य देशांत त्या नादाची हौस उत्पन्न झाली. सतार शिकण्यास वर्षें लागतात, म्हणून इ. स. १९६७ मध्यें अमेरिकेंतील डॅनेलेक्ट्रो कारखान्यानें, व्हिन्सेंट बेल ह्या वादकाच्या योजनेवरून, कोरल नांवाची विजेची सतार काढिली. ती वस्तुतः गिटारच होती. फक्त तिची घोडी रुंद व सपाटसर केलेली होती, आणि जोडीस तरफेच्या तेरा तारा होत्या. नाद सतारीच्या जवळपास आला. परंतु अडचणहि आली. तारेचें टोंक घोडीवर नेमकें न राहिल्यामुळें ठोकलेल्या पडद्यांवरील स्वर जुळविणें कठीण झालें.

मग आपल्या सतारीची घोडीहि रुंदच असतां तेथें हें कां अडत नाहीं? कारण सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असून सरकवितां येतात, व वादक तार ओढून मींडेनें स्वर आपल्या कानाप्रमाणें साधतो. तंबोऱ्यास तर पडदेच नाहींत. ह्यावरून विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, घोडी ही एकटी चांगली किंवा वाईट नसते. पडदे, तारा व वाजविण्याची रीत ह्यांच्याशीं ती जुळली पाहिजे.

६. घरीं करावयाचा प्रयोग

दोन हात लांब फळी, दोन बळकट स्क्रू, एक बारीक पोलादी तार, व दोन लांकडी ठोकळे एवढें साहित्य पुरे. फळीच्या दोन टोंकांस स्क्रू बसवून तार ताणावी, व तिच्याखालीं दोन्ही ठोकळे उभे करावे. तार तुटून डोळ्यास लागूं नये म्हणून तोंड तिच्यावर नेऊं नये, व वडील माणूस जवळ असावें. प्रथम एका ठोकळ्याची धारदार कड वर ठेवून तार छेडावी. स्वर स्वच्छ, पण साधा येईल. मग त्या जागीं दीड बोट रुंदीचा, वरून किंचित् गोल घासलेला बांबूचा तुकडा ठेवावा, तारेखालीं शिवणाचा धागा घालावा, व तो हळूहळू सरकवीत छेडीत जावें. एका ठिकाणीं तार गुणगुणूं लागेल. ती जागा हातून निसटते, पुन्हा शोधावी लागते, आणि सांपडली कीं मनास मोठा आनंद होतो. मिरजेचा कारागीर जन्मभर जें करितो त्याचा हा पहिला धडा होय.

७. पालकांस दोन शब्द

आतां तंबोऱ्याचा नाद यंत्रांतून व मोबाईलमधून मिळूं लागला आहे. प्रवासांत, किंवा जेथें वाद्य परवडत नाहीं तेथें, त्याचा उपयोग आहेच; त्याची निंदा आम्ही करणार नाहीं. परंतु बटण दाबून मिळालेला षड्ज मुलास आयता मिळतो. खुंटी पिळून, मणी सरकवून, धागा साधून मिळविलेला षड्ज त्याचा स्वतःचा असतो, आणि तो मिळवितांना त्याच्या कानास जी शिस्त लागते ती दुसऱ्या कोणत्याहि उपायानें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट कारागिरांची. ह्या धंद्यांत शिकण्यास वर्षें पुष्कळ लागतात, मिळकत थोडी होते, म्हणून नव्या पिढीचे हात त्यांत कमी होत चालले आहेत. गिटारीचें माप स्क्रूनें घेतां येतें व कागदावर उतरवितां येतें. जवारीचें माप मात्र माणसाच्या कानांतच राहतें. तो कान दुसऱ्यास शिकविण्यापूर्वीं गेला, तर सरकारी चिन्ह राहील, पण नाद राहणार नाहीं. जवारी काढून घेण्याचा खर्च नव्या वाद्याच्या किंमतीपुढें अल्प असतो, व तो पैसा ज्याच्या हातीं जातो त्याच्या घरीं ही विद्या आणखी एक वर्ष टिकते.

म्हणून आमची विनंति इतकीच कीं, घरांतील मुका पडलेला तंबोरा भंगारांत घालण्यापूर्वीं, अथवा मुलाची गिटार बेसूर म्हणून बदलण्यापूर्वीं, एकदां तिची घोडी पाहावी. तारांचे चरे पडले आहेत काय, टेकण जागचें हाललें आहे काय, धागा निघून गेला आहे काय, हें मुलासच पाहावयास सांगावें. आणि त्यास जें दिसेल तें त्याच्या तोंडून ऐकून घ्यावें.